दीपा पागधरेचा एकच भाव

दीपा पागधरेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका गिऱ्हाइकाला हातातलं पापलेट परत टोपलीत ठेवायला लावत होती. बोईसरच्या मासळी बाजारात, भर गर्दीच्या वेळी. त्या माणसाने भाव पाडण्याच्या नादात मासळी कालची असल्याचं सुचवलं होतं. "रख. नीचे रख. अब पैसा देगा तो भी नहीं देगी," ती म्हणाली, आणि खरंच तोंड फिरवून शेजारणीशी बोलायला लागली. तो बिचारा दोन पावलं मागे सरकला, जरा वेळ घुटमळला आणि मघाशी ज्या भावाला नाक मुरडत होता त्याच भावाने पापलेट मागायला लागला. तिने दिलं, पण आधी त्याला कल्ले उघडून लाल रंग दाखवला आणि मासळी ताजी आहे हे त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. मी तिथेच ठरवलं, मासे घ्यायचे तर हिच्याकडून.

मी परभणीकडची. नवऱ्याला, कैलासला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली म्हणून इकडे आले आणि इकडचीच झाले. पालघरला एका लहानशा संस्थेत काम करते. काम असं, की सरकारी आरोग्यसेवेकडून जे हवं ते मागायचं कसं, हे लोकांना शिकवायचं. कुणापुढे बोलायचं, काय बोलायचं आणि मुख्य म्हणजे काय बोलायचं नाही. सोपं वाटतं ना? मग या एकदा. आमच्याकडे निवेदन देणं म्हणजे दहा जणांनी साहेबांच्या टेबलाभोवती उभं राहून फोटो काढणं. फोटो गावच्या ग्रुपवर पडला की काम फत्ते. महिन्याने विचारा पुढे काय झालं, तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. माझं डोकं फिरतं ते तिथे.

दीपाताई नवापूरची. नवरा आणि मुलगा बोटीवर, आणि ती बोईसरच्या बाजारात. मी सुरुवातीला तिला अहो-जाहो करायचे, तर म्हणाली, "मना अहो म्हणू नको, मी सासू हाय का तुझी?" तेव्हापासून ताई म्हणते आणि अरे-तुरे करते. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी असेल, आवाजाने तर किती मोठी ते सांगत नाही.

तिच्या शेजारच्या पाटावर तिची थोरली जाऊ बसायची, जसवंती. या दोघींचं नातं बाजारात सगळ्यांना माहीत होतं. दीपा भांडायची आणि जसवंती हसायची. दीपाने हाकललेलं गिऱ्हाईक जसवंती हळूच आपल्याकडे बोलावून घ्यायची, आणि घरी जाताना दोघी त्यावरून पुन्हा भांडायच्या. एका बुधवारी जसवंती एका बाईला सुरमईचे तुकडे करून देत होती. हातातला कोयता गळून पडला. उचलायला वाकली ती तशीच आडवी झाली. तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि शब्द फुटेना. मासळीवाल्यांच्या रांगेतल्या बायांनी टोपल्या तशाच टाकल्या आणि तिला रिक्षात घातलं. जीव वाचला. उजवा हात मात्र गेला आणि बोलणं जड झालं.

जसवंतीला रक्तदाब होता, हे दीपाला माहीत होतं. गोळ्या सुरू झाल्या होत्या, हेही माहीत होतं. मग हे झालंच कसं, म्हणून ती तणतणत गावाजवळच्या आरोग्य केंद्रात गेली. तिथल्या डॉक्टर चारुता तरुण, शांत बाई. त्यांनी सरळ सांगितलं, "गोळ्या रोज घेतल्या असत्या तर बहुतेक हे टळलं असतं. पण जसवंतीताई न्यायलाच येत नव्हत्या."

"का नाय येत?"

"ते तुम्हीच सांगा. आमच्याकडे बीपी आणि शुगरचा दिवस बुधवार आहे. बुधवारी सकाळी तपासायचं आणि महिन्याच्या गोळ्या द्यायच्या. बाकीचे दिवस मी उपकेंद्रांच्या फेरीवर असते."

आता, बुधवार म्हणजे काय हे तालुक्याला बसून वेळापत्रक करणाऱ्या कुणाच्या डोक्यात आलं नसणार. बुधवार, शुक्रवार आणि रविवारी अर्धं बोईसर मासे खातं. सोमवारी कुणाचा महादेव, गुरुवारी कुणाचे दत्त, शनिवारी कुणाचा मारुती, त्यामुळे ते तीन दिवस बाजार थंड. त्या दिवशी बाया घरीच असतात, वलांडीवर, म्हणजे बांबूच्या लांबलचक दांड्यांवर, बोंबील वाळत घालतात. आणि बुधवारी सकाळी मासळीवाली दवाखान्याच्या बाकावर बसली तर तिची मासळी विकणार कोण? म्हणून जसवंतीने एक महिना चुकवला, मग गोळी अर्धी-अर्धी करून पुरवली, मग तीही सोडली. रांगेतल्या आणखी कितीजणींचं हेच चाललं होतं. दीपाने एकेकीला विचारलं आणि बोटांवर मोजत गेली. जसवंतीनंतर कोण पडणार, एवढाच प्रश्न उरला होता.

तेव्हा ती माझ्याकडे आली नाही. ती कुणाकडे जाणाऱ्यातली नव्हतीच. तिने रांगेतल्या बाया गोळा केल्या, गाडी ठरवली आणि थेट पालघरला तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या, म्हणजे साहेबांच्या, दालनात जाऊन उभी राहिली. आणि मागितलं काय? तीस खाटांचं रुग्णालय. हृदयाचे डॉक्टर, मेंदूचे डॉक्टर, मोठं मशीन, आणि दारात कायम उभी राहील अशी रुग्णवाहिका.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चहा मागवला. "मागणी रास्त आहे, मी वर पाठवतो," म्हणाले. आणि पाठवलीही असेल, मी त्यांना खोटं पाडत नाही. दीपाताई मात्र बाहेर आली ती गोंधळून गेलेली. पुढच्या गुरुवारी मला म्हणाली, "वर्षा, त्याने भावच केला नाय गो!"

मला आधी कळेना. मग उलगडलं आणि मी कपाळावर हात मारला. बाजारात मासळीचा जो भाव सांगतात तो कुणी द्यायचा नसतो. दुप्पट सांगायचा, गिऱ्हाईक निम्म्यावर येतं, मग ओढाताण, आणि मधे कुठेतरी सौदा ठरतो. दीपाने आयुष्यभर तेच केलं होतं. तिला वाटलं, आपण रुग्णालय म्हणायचं, साहेब म्हणतील एवढं शक्य नाही, मग आपण खाली यायचं आणि शेवटी बुधवारवर सौदा करायचा. बुधवार तिने पदराखाली राखून ठेवला होता, शेवटचा भाव म्हणून! आणि साहेबांनी तर पहिल्याच भावाला मान डोलावली आणि माल घेतलाच नाही. बुधवारचं नाव त्या दालनात निघालंसुद्धा नाही.

ती मागणी वर गेली ती गेलीच. उन्हाळा गेला, मासेमारीची बंदी आली आणि उठली, बोटी पुन्हा दर्यात गेल्या. रांगेतली आणखी एक म्हातारी चक्कर येऊन पडली. सुदैवाने ती उठली. त्या संध्याकाळी दीपाताईचा फोन आला. "तुझ्या त्या शाळेत मना घे."

शाळा म्हणजे आमचं प्रशिक्षण. पालघरला एका हॉलमध्ये महिन्यातून एक शनिवार. डोंगराकडच्या बाया येतात, वाडी-वस्तीवरचे तरुण येतात, बोईसरच्या चाळींतल्या कामगारांच्या बायका येतात. मी सगळ्यांना पहिला प्रश्न एकच विचारते, उद्या सकाळी मिळालं तर तुमच्या माणसाच्या उपयोगी पडेल असं काय आहे? दीपाताईने सुरुवात केली, रुग्णालय. म्हटलं, उद्या सकाळी? बरं, रुग्णवाहिका. म्हटलं, जसवंती पडली तेव्हा रिक्षा मिळाली होती ना? मेंदूचा डॉक्टर. म्हटलं, पडल्यावर की पडायच्या आधी? ती चिडली. "तू मना बोलूच देत नाय!" मी म्हटलं, "बोल की. पण एकच बोल."

ती खिडकीबाहेर बघत बसली.  मग पुटपुटली, "बुधवार. त्यांनी बुधवार सोडला तरी पुरे."

तिथून आमचं काम सुरू झालं, आणि खोटं कशाला सांगू, ते काम म्हणजे रोजचं भांडण होतं. तालमीसाठी मी बाजाराच्या बंद गाळ्याच्या पायरीवर साहेब होऊन बसायचे आणि ती समोर उभी राहून बोलायची. पहिल्या दिवशी ती दहा मिनिटं जसवंतीच्या लग्नाचंच सांगत होती. दुसऱ्या दिवशी माझ्यावर म्हणजे साहेबांवर इतकी ओरडली की समोरचा चहावाला सोडवायला आला. मी वैतागून म्हटलं, "ताई, साहेब काय तुझं गिऱ्हाईक आहे का?" तर म्हणाली, "मग कोण हाय? त्याच्याकडं हाय ते मना पायजे, माझ्याकडं हाय ते त्याला पायजे."

"तुझ्याकडे काय आहे?"

"बुधवारी त्याचा दवाखाना ओस पडतो ना? मी त्याला बाया भरून देते."

 हे मी तिला शिकवलेलं नव्हतं आणि माझ्या कुठल्या पुस्तकातही नव्हतं. पण मी तिला जे शिकवलं तेही तिला लागलंच. बोलण्याआधी मालक कोण ते शोधायचं, हे तिला पटकन कळलं, कारण नोकराशी घासाघीस करून उपयोग नसतो हे तिला ठाऊक होतं. डॉक्टर चारुतांना विचारलं, तर वेळ पुढेमागे करणं त्यांच्या हातात होतं, पण दिवस बदलायचा तर तालुक्याच्या आरोग्य समितीत ठराव लागणार. "ठराव आणा, मी आनंदाने गुरुवार करेन," त्या म्हणाल्या. आणि समोरचा नाही म्हणाला तर कशावरून म्हणेल, ते आधीच हुडकून ठेवायचं, हेही मी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ती शेजारच्या पाम गावी जाऊन आली. त्याच केंद्रात येणाऱ्या, भाजी पिकवणाऱ्या बायांना तिने शेताच्या बांधावर गाठून विचारलं, गुरुवार तुम्हाला चालेल का? त्या म्हणाल्या, चालेल, पण संध्याकाळ नको, भाजी खुडायची असते. मग तिने मागणी पक्की केली. गुरुवार, दुपारी जेवणं झाल्यावर. पामच्या दोघी समितीत यायलाही तयार झाल्या.

एका गोष्टीत मात्र मोडता आला, आणि बरं झालं. दीपाच्या मनात होतं की जसवंतीला समितीपुढे न्यायचं. तिचा लुळा हात बघितला की कुणाची छाती आहे नाही म्हणायची! मलाही क्षणभर तो मोह झाला. आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. जसवंती ओटीवर बसून डाव्या हाताने सुके बोंबील निवडत होती. दीपाचं सगळं बोलणं तिने ऐकलं आणि जड जिभेने, एकेक शब्द ओढत म्हणाली, "मी काय... टोपलीतली मासली हाय? कल्ले उघडून... दाखवायला?"

दीपाचे डोळे भरून आले. तिने जावेचे बोंबील पुढे ओढले आणि निवडायला लागली. जसवंती समितीत गेली नाही, आणि दीपानेही तिथे तिचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं.

समितीच्या दिवशी दीपाताई ठेवणीतली साडी नेसून आली. केसात अबोली. मला म्हणाली, "तू बोलायचं नाय. तू बोललीस तर मना राग येतो." मी मागच्या खुर्चीत बसले. 

ती उभी राहिली. "साहेब, मी दीपा पागधरे, नवापूर. आमच्या केंद्रात बीपीच्या गोळ्या बुधवारी सकाळी देतात. बुधवारी आमी मासळीवाल्या बाजारात असतो, म्हणून आमच्या गोळ्या चुकतात, आणि गोळ्या चुकल्या की आमी पडतो. दिवस गुरुवार दुपारचा करा. डॉक्टरबायची ना नाय. पामच्या बायांची ना नाय, त्या इथं बसल्यात, विचारा." आणि ती थांबली. उभी राहिली, पण पुढे एक शब्द बोलली नाही.

साहेब काही म्हणायच्या आत समितीतले एक सदस्य पुढे झाले. चांगला माणूस, हौशी. "ताई, अहो, इतकं छोटं काय मागता? तुमची ती रुग्णालयाची मागणी होती ना? तीच पुन्हा लावून धरू. मोठं निवेदन करू, पेपरात फोटो आणू, मी स्वतः तुमच्याबरोबर येतो!" टाळी वाजवायला दोघे-तिघे तयारच होते. मी मागे बसून ओठ चावत होते. तीस खाटांचं ते रुग्णालय पुन्हा तिच्यापुढे ठेवलं होतं, आणि दीपा पागधरेला मोठा भाव सांगायला किती आवडतं ते माझ्याइतकं तिथे कुणाला माहीत होतं?

तिने त्यांच्याकडे पाहिलं. "दादा, रुग्णालय पायजेच हाय. ते तुमी मागा, मी सही करते. पण ते होईल तवा होईल, तवर मी माझ्या बाया कुठं ठेवू?" मग साहेबांकडे वळली. "साहेब, जल्मभर मी दुप्पट सांगून निम्म्याला दिलं. आज तसं नाय. आज भाव एकच हाय. गुरुवार."

आणि पुन्हा थांबली. बाजारात ती भाव सांगून तोंड फिरवते ना, तशीच, फक्त या वेळी तोंड फिरवलं नाही. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. असा शांतपणा आला की आम्हा शिकलेल्यांना काहीतरी बोलून तो भरावासा वाटतो, आणि तिथेच आम्ही माती खातो. ती भरत नव्हती. साहेबांनी डॉक्टरांकडे पाहिलं, पामच्या बायांना एक-दोन प्रश्न विचारले आणि शेजारच्या लिपिकाला म्हणाले, "घ्या. पुढच्या महिन्यापासून गुरुवार. आणि किनाऱ्याकडच्या बाकीच्या केंद्रांत कोणता दिवस आहे, तेही मला काढून द्या."

हे शेवटचं तर आम्ही मागितलंही नव्हतं. मला इतका अभिमान वाटला की मी सगळ्यांसमोर रडले. कैलासला संध्याकाळी सांगताना पुन्हा रडले. इतकी वर्षं या कामात घालवली, पण आपण हे कशासाठी करतो, असं मला कुणी विचारलं तर त्या दुपारची दीपाताई माझ्या डोळ्यांसमोर येते. अबोली माळलेली आणि गप्प उभी.

पहिल्या गुरुवारी मी मुद्दाम गेले. केंद्राच्या ओसरीवर मासळीवाल्यांची रांग लागली होती आणि गलका बाजाराला लाजवेल असा. कोणी पुढे घुसतंय, कोणी ओरडतंय. दीपाताई दारात उभी राहून एकेकीला आत सोडत होती, जणू दवाखाना तिनेच काढला आहे. जसवंती बाकावर बसली होती. तिची तपासणी झाली होती आणि गोळ्यांची पाकिटं मांडीवर होती.

रांग संपली तसा आतून डॉक्टर चारुतांचा आवाज आला, "दीपाताई, आता तुम्ही."

"मना काय झालंय? मी धडधाकट हाय."

"कधी तपासलंय?"

दीपाताई पदर सारखा करायला लागली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. पालघरच्या खेपा, पामचा बांध, पायरीवरच्या तालमी, समिती, आणि या सगळ्यात हिच्या दंडाला बीपीचा पट्टा एकदाही लागला नव्हता. कारण तिचाही बुधवार बाजारातच जायचा. मी तिला धरून आत नेलं. डॉक्टरांनी पट्टा बांधला, आकडा पाहिला, आणि पुन्हा एकदा मोजलं. मग यंत्राचं तोंड तिच्याकडे फिरवलं. वरचा आकडा दोनशेच्या पलीकडे होता. रांगेतल्या कुणाचाही एवढा नव्हता.

दीपाताई त्या आकड्याकडे बघत राहिली. मग सवयीने म्हणाली, "जास्त लावलाय गो डॉक्टरबाय. कमी कर जरा."

डॉक्टर हसल्या नाहीत. "इथे घासाघीस नाही, ताई. आजपासून गोळी. आणि आज इथून लगेच जायचं नाही, जरा वेळ पडून राहायचं. हा गुरुवार आणखी सहा महिने लांबला असता तर तुम्ही इथे चालत आला नसता."

 जसवंतीनंतर कोण, म्हणून जिने एवढा आटापिटा केला ती स्वतःच पुढची होती, आणि हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

दीपाताई खाटेवर आडवी झाली, छताकडे बघत. जसवंती बाहेरून पाय ओढत ओढत आत आली. डॉक्टरांनी दीपासाठी ठेवलेल्या पाकिटातून तिने डाव्या हाताने गोळी काढली, त्याला बराच वेळ लागला, पण आम्हाला कुणाला हात लावू दिला नाही. गोळी तिने दीपाच्या तळहातावर ठेवली. "घे," ती म्हणाली. आणि ओढलेल्या तोंडाच्या एका बाजूने, पूर्वी बाजारात हसायची तशी हसली. दीपाताईने गोळी तोंडात टाकली.